हावमीटर

घर घ्यायला निघालेल्या माणसाइतका बावळट प्राणी दुसरा नाही, हे बिल्डर लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. फक्त तो नेमका किती बावळट आहे, हे मोजायची सोय नव्हती. ती सोय झाली आणि नाशिकच्या जागांचा बाजार वर्षभरात होत्याचा नव्हता झाला.

यंत्राचं कागदोपत्री नाव ‘अभिरुची’. लोकांनी त्याचं बारसं केलं हावमीटर, आणि लोकांचं बरोबर होतं. दिसायला ते काहीच नव्हतं. सॅम्पल फ्लॅटच्या छतात, दिव्यांच्या शेजारी, बटणाएवढे कॅमेरे. पण करामत अशी, की हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखालून रक्ताची लाट जाते आणि गाल कणभर लालसर होतात. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. म्हणजे मनगट न धरता लांबून नाडी मोजता येते. आवडीची वस्तू समोर आली की डोळ्यातली बाहुली मोठी होते, तीही दिसते. मन विटलं की नाकाच्या शेंड्याकडचं रक्त आटतं आणि शेंडा गार पडतो. उष्णता टिपणारा कॅमेरा तेही सोडत नाही. शिवाय चाल कुठे मंदावली, नजर कुठे अडकली, हात कुठल्या भिंतीवरून फिरला, याचा हिशेब वेगळा. यातलं एकेकटं घेतलं तर काही कळत नाही, नाडी काय जिना चढूनही वाढते. पण लाखो गिऱ्हाइकांचे असे चेहरे, आणि त्यांतल्या कुणी शेवटी किती रक्कम मोजली ही माहिती, एका संगणकाला चारली. तो शिकला. माणूस घरात शिरून बाहेर पडेपर्यंत त्याची ओढ किती, हे तो शंभरपैकी सांगायला लागला.

मग काय, ओढीला भाव जोडला. ओढ जास्त तर भाव जास्त. ओढ शून्याच्या जवळ, तर तळभाव, म्हणजे ज्याच्या खाली बिल्डर विकूच शकत नाही तो.

पूर्वी एखाद्या भागात घर बघायचं तर माणूस चार ठिकाणी चौकशी करायचा. वाणी, वॉचमन, एखादा एजंट, सगळे मिळून साधारण भाव सांगायचे आणि तो खरा निघायचा. आता भाव भागाचा राहिलाच नाही, माणसाला चिकटला. एकाच मजल्यावर एकाच मापाची दोन घरं, आणि एक दुसऱ्याच्या दीडपट महाग, कारण घेणारी बाई खिडकीत उभी राहून ‘अय्या’ म्हणाली होती. जुन्या घरांचे एजंटही खिशात तसलाच डबा घेऊन फिरू लागले, त्यामुळे पळून जायलाही जागा उरली नाही.

सरकारनं ग्राहकांच्या हितासाठी कायदाही केला. काय, तर गिऱ्हाइकाला त्याची ओढ आणि त्याचा भाव तिथल्या तिथे पडद्यावर दिसला पाहिजे. म्हणजे खिसा कापायला हरकत नाही, फक्त कापताना आरसा दाखवा! याला पारदर्शकता म्हणतात. आणखी एक कलम होतं, ज्याच्या नावावर घर त्याचाच भाव. दुसऱ्याला पाठवून चालणार नाही.

परिणाम जो व्हायचा तोच झाला. ज्याला घराची गरज नाही त्याला घर स्वस्त. आठवा फ्लॅट घेणारा डॉक्टर फोनवर बोलत बोलत एक चक्कर मारायचा, मान वरसुद्धा करायचा नाही, आणि तळभावात उचलून जायचा. ज्याचा जीव घरासाठी तुटतोय त्याची सालं काढली जायची. संध्याकाळी त्या नव्या इमारतींत दिवे दिसायचे ते फक्त जिन्यात.

केतकी अहिरराव ही जीव तुटणाऱ्यांपैकी.

सातपूरच्या एका कारखान्यात ती माल तपासायची. नवरा मंदार विमा कंपनीत. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार संपायचा, घरमालक भाडं वाढवायचा, आणि ही दोघं टेम्पो बोलवायची. टेम्पोत दरवेळी लोणच्याची बरणी कलंडायची. लोणचं मुरायच्या आत ज्या बाईला घर बदलावं लागतं, तिला घर म्हणजे काय ते कुणी सांगायला नको. त्यांच्याबरोबर मंदारची शैलाआत्या राहायची, हॉलमधल्या दिवाणावर.

गंगापूर रोडच्या पुढे द्राक्षाचा एक मळा उपटून तिथे ‘बेला द्राक्षा रेसिडेन्सी’ उभी राहिली होती. हे नाव कुठल्या भाषेतलं, ते बिल्डरलाही सांगता आलं नसतं. केतकी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा उरलेला मळा दिसला. तिनं ओट्यावर तळहात टेकवला आणि मनातल्या मनात बरण्या मांडून टाकल्या. पडद्यावर तिच्या नावापुढे त्र्याऐंशी आकडा लागला. त्याच्याखालचा भाव बघून मंदारनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

“डोळे आहेत का काय आहे?” पार्किंगमधे तो तिच्यावर उखडला. “जरा आवरता येत नाही? एवढं काय बघितलं नव्हतंस जन्मात?”

“घर नव्हतं बघितलं,” केतकी म्हणाली. “म्हणजे आपलं होईल असं.”

“झालं आता. घे.”

मंदार हा प्रत्येक गोष्टीचा अभ्यास करणारा माणूस. अभ्यास करून काही निष्पन्न झाल्याचं उदाहरण नव्हतं, पण अभ्यास दांडगा. त्यानं शोधून काढलं, की शहरात ‘अलिप्तता वर्ग’ सुरू झालेत. चालवणारे गुरुजी पूर्वी भाषणं देत फिरायचे, ‘तीव्र इच्छा करा, विश्व देईल’. आता तेच गृहस्थ, त्याच कोटात, ‘इच्छा मारा, बिल्डर देईल’ असं शिकवत होते. फी आधी घ्यायचे. तेवढी इच्छा त्यांनी स्वतःपुरती जिवंत ठेवली होती.

मंदारनं मनावर घेतलं. वर्गात गृहपाठ असायचा, घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे ‘हे मला नको’ अशा नजरेनं बघा. त्यानं आमटीकडे तसं बघितलं. पडद्यांकडे बघितलं. केतकी नवी साडी नेसून समोर आली, तिच्याकडेही बघितलं.

“कशी दिसतेय?”

“ठीक.”

“एवढंच?”

“केतकी, मी सरावात आहे. मधे बोलू नकोस.”

सुरुवातीला तिला हसू यायचं. मग तिनं विचारणं सोडून दिलं. तो मात्र खूश होता. आपल्याला आता काहीच आवडत नाही, हे तो ऑफिसात अभिमानानं सांगायचा. चार महिन्यांनी तो ‘बेला द्राक्षा’त ऐटीत गेला, ओठ वाकडे करून फिरला, आणि त्याची ओढ निघाली एकसष्ट. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. घर फुकटात पडावं अशी जी त्याची तळमळ होती, ती तळमळच होती की! नाडी त्यानंही वाढते.

“सिस्टीममधे घोळ आहे,” मंदार म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याला आत्या दिसली. म्हणजे आत्या रोजच समोर असायची, पण उपयोगाची वस्तू म्हणून त्या दिवशी प्रथम दिसली.

शैलाआत्या म्हणजे नावं ठेवण्यातलं विद्यापीठ. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरचंच आडनाव लावून भावांकडे पाळीपाळीनं राहिली, भाऊ गेले तशी भाच्याकडे आली. कुठल्याही लग्नात जेवायला बसली की पहिल्या घासाला म्हणायची, “बासुंदी पातळ आहे.” नवरी बघायला जायचं तर सगळं खानदान तिला पुढे घालायचं, कारण तिची नजर चुकवून एखादं वैगुण्य सुटणं शक्य नव्हतं. साडीचा पोत, सोन्याची घडण, देवळातली आरती, आत्याला आजवर काही म्हणजे काही पसंत पडलं नव्हतं. सगळ्या अहिररावांचं एकमत होतं, की या बाईला कशाची आस म्हणून नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही म्हण नाशकात लहान पोरांनाही येते. आत्याच्या बाबतीत ती कुणालाही आठवली नाही.

“आत्याच्या नावावर घ्यायचं,” मंदारनं जाहीर केलं. “तिची ओढ शून्य येणार. तळभाव. कर्ज आपण फेडायचं, आणि वर्षभरानं तिच्याकडून आपल्या नावानं बक्षीसपत्र करून घ्यायचं. वकिलाशी बोललोय मी.”

“त्यांना विचारलंस का?” केतकीनं विचारलं.

“त्यात विचारायचं काय? आत्या, रविवारी एक फ्लॅट बघायला यायचं. तू फक्त नेहमीसारखं बोलायचं.”

“नेहमी काय बोलते मी?” दिवाणावरून आत्या म्हणाली.

रविवारी तिघं गेली. स्वागताला यशराज नावाचा तरुण होता, सूट घातलेला, दात दाखवणारा. आत शिरणाऱ्या प्रत्येकाची मोजणी व्हायचीच, त्यामुळे दाराशेजारच्या पडद्यावर तिघांचीही नावं उमटली.

“या आजी, वेलकम होम!”

“आजी कोणाची? आणि चपला कुठे काढायच्या ते सांग आधी. दारात पाय ठेवायला जागा नाही आणि म्हणे होम.”

शैला अहिरराव, ओढ अकरा. मंदारनं केतकीला कोपरानं ढोसलं.

आत्या सुटली. दार वाजवून म्हणाली, “पुठ्ठ्याचं आहे का?” बाथरूममधे डोकावून म्हणाली, “आत गेलेल्या माणसानं वळायचं ठरवलं तर बाहेर येऊन वळावं लागेल.” यशराजनं सुपर बिल्टअप क्षेत्रफळ समजावून सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे जिना आम्ही विकत घ्यायचा आणि चढायचा गावानं. छान!” ओढ आठ झाली. सहा झाली. यशराजचे दात हळूहळू झाकले गेले. मंदारचा चेहरा इतका फुलला होता, की पडद्यावर त्याचा स्वतःचा आकडा सत्तरीपार गेला, पण त्याची आता कोणाला पर्वा!

केतकी मुद्दाम स्वयंपाकघराकडे फिरकली नाही. ती हॉलमधे जमिनीकडे बघत उभी राहिली, आणि तरी तिचा आकडा ऐंशीच्या खाली येईना. ते घर तिला अजूनही हवंच होतं.

मधल्या बोळात एक लहान खोली होती. “ही कसली अडगळीची?” आत्यानं विचारलं.

“पेरेंट्स बेडरूम, आजी.”

“हां, ही तुझी बरं का आत्या,” मंदार सहज म्हणाला. सही करायला तिनं कुरकुर करू नये म्हणून.

आत्या आत गेली. खोलीत काही नव्हतं, एक पलंग, एक खिडकी. तिनं वळून दार लोटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. मग पुन्हा लागली.

बाहेर पडद्यावर सहाचे चौतीस झाले. चौतीसचे अठ्ठावन्न.

“कडी तकलादू आहे,” आतून आत्याचा आवाज आला. “आणि पंखा कुरकुरणार हा.”

एकोणऐंशी.

“पलंग भिंतीला लावलाय, ओल धरेल.”

ब्याण्णव. यशराजनं शेजारच्या टेबलावरच्या मुलीला खुणेनं बोलावलं. असा आकडा त्यांनी दोघांनी कधी बघितला नव्हता. एखादी मौज बघावी तशी ती दोघं पडद्यासमोर उभी राहिली.

केतकीची नजर मात्र त्या बंद दारावर होती. या बाईनं उभ्या जन्मात स्वतःच्या खोलीला आतून लावायची कडी बघितली नव्हती. तिन्ही भावांच्या घरी ती माजघरात, हॉलमधे, जिथे इतर सगळे झोपून उरेल तिथे झोपली. लुगडं बदलायचं तर मोरीत. रडायचं तर तेही मोरीत. जे मिळणारच नाही त्याला आधीच नाव ठेवून मोकळं व्हायचं, एवढं एकच धोरण तिच्या हातात होतं, आणि ते तिनं इतकं चोख पाळलं की सगळ्या घराण्याला ती निरिच्छ वाटली. केतकीला स्वतःची लाज वाटली. तिलाही तसंच वाटलं होतं.

दार उघडून आत्या बाहेर आली. “टुकार आहे,” म्हणाली आणि पदर सारखा केला. मग सगळे कुठे बघतायत ते तिनं बघितलं. पडद्यावर तिचं नाव होतं, पुढे शहाण्णव, आणि खाली असा भाव की तो वाचायलाही दम लागावा. आत्याला आकडे वाचता येत होते. चार परक्या माणसांत अंगावरचं वस्त्र ओढलं जावं तशी ती दोन्ही हात छातीशी घेऊन उभी राहिली.

“आत्या!” मंदार ओरडला. “अगं, आमच्या लग्नातल्या बासुंदीला नावं ठेवलीस, देवाच्या प्रसादाला ठेवलीस, आणि नेमकं आज पाघळलीस? कशावर, तर कडीवर? काय कमी पडतं गं तुला? दिवाण आहे, दोन वेळा गिळायला मिळतंय, या वयात हे काय हावरटासारखं!”

“नाही रे,” आत्या पुटपुटली. “मला कशाला खोली? माझं काही नाही. तुम्ही घ्या.”

आकडा शहाण्णवचा सत्त्याण्णव झाला. टेबलावरच्या मुलीला हसू आवरलं नाही.

“बघा!” मंदार यशराजला म्हणाला, तोही हसत. “तोंडानं नको नको, आणि आतून बघा! हिची नोंद काढून टाका हो. हिला बाहेर बसवा.”

केतकी मंदारकडे बघत राहिली. ओरडली नाही, रडली नाही. तिनं त्याचे हसताना दिसणारे दात बघितले, आत्याच्या दिशेनं रोखलेलं बोट बघितलं, चार महिने फी भरून वाकडे करायला शिकलेले ओठ बघितले. या माणसासाठी आपण टेम्पोत बसून बरण्या सांभाळल्या! तिला राग आला नव्हता. रागाला निदान समोरचा माणूस लागतो. तिला किळस आली, शेवाळलेल्या बादलीत हात गेल्यावर येते तशी, आणि त्या किळसेत बाकीचं सगळं, खिडकी, ओटा, मळा, विझून गेलं.

तिच्या नावापुढचा आकडा खाली येऊ लागला. चौसष्ट. एकतीस. नऊ.

यंत्राचं हे दुखणं यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, पण विक्रीच्या माहितीपत्रकात कोण छापतो? माणसाच्या मनात ओढ आहे की वीट, एवढं त्याला नेमकं कळायचं. ती कशाबद्दल, हे कळायचं नाही. गिऱ्हाईक फ्लॅटमधे उभं आहे, म्हणजे जे काही वाटतंय ते फ्लॅटबद्दलच, असं ते धरून चालायचं. नव्या जोडप्यांनी एकमेकांकडे बघितलं तरी भाव चढतो, अशा तक्रारी होत्याच. उलट बाजूची तक्रार अजून कुणी केली नव्हती.

“मॅम?” यशराजचं हसू मावळलं. “मॅम, तुम्हाला एवढं... म्हणजे काही प्रॉब्लेम आहे का फ्लॅटमधे?”

दोन. पडद्यावर हिरवी पट्टी उमटली, तळभाव.

मंदारनं टाळीच वाजवली. “वा! वा केतकी! तसाच चेहरा ठेव, हलू नकोस! लाव अंगठा, लाव पटकन!”

केतकीनं चेहरा तसाच ठेवला. तिला काहीच करावं लागलं नाही. ती पडद्यापाशी गेली आणि मान वळवून, मंदारकडे बघत बघत, तिनं अंगठा टेकवला. भाव गोठला.

“सरांचं नाव जोडीला घालायचं?” यशराजनं अखेरचा डाव टाकून बघितला. “मात्र मग दोघांतला जास्त असेल तो भाव लागेल. सरांचा एकोणऐंशी आहे.”

“छे छे! अजिबात नको!” मंदार घाईघाईनं म्हणाला. “तिच्या एकटीच्याच नावावर राहू दे. मला काय करायचंय नाव? या भावात तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतंय.”

“ऐकलंत ना?” केतकी यशराजला म्हणाली. “सर काय म्हणाले ते लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. मंदारनं खाली आनंदानं सहीसुद्धा केली.

मग केतकी बोळातल्या खोलीपाशी गेली. “इथे आतून चांगली जाड, पितळी कडी लावून द्या. ही खोली आत्यांची.”

“अगं, नको गं,” आत्या म्हणाली. तिचे हात अजून छातीशीच होते. “पितळेला घासत बसावं लागतं.”

“मग तुम्ही घासा.”

आत्यानं खाली बघितलं आणि मान हलवली.

पार्किंगमधे मंदार पेढ्यांच्या दुकानाचा पत्ता शोधत होता. आत्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली होती. तो इतका खुशीत होता की बऱ्याच महिन्यांत प्रथमच त्यानं बायकोकडे नीट बघितलं.

“मानलं बुवा तुला! चार महिने वर्गाला जाऊन मला नाही जमलं, ते तुला एका मिनिटात! ऐंशीवरून दोन! असं काय खटकलं तुला? कुठे बघत होतीस?”

“तुझ्याकडे,” केतकी म्हणाली.